मडम आणि तातूचे बैल

मडम आमच्या घरी आली तेव्हा तिला जागा करायला गुरांच्या मांगरातलं गवत बाहेर काढावं लागलं, आणि आईचं नि तिचं त्या दिवसापासूनच बिनसलं. मडम म्हणजे बाई नव्हे, मोटार. काळी, उंच, विलायती. दोन्ही अंगांना पाय ठेवायला लांब फळी, पुढे डोळे वटारलेले दोन दिवे आणि दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. गावातल्या कुणीतरी पहिल्याच दिवशी तिला मडम म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. खाडीकाठच्या बंगल्यात एक म्हातारे ख्रिस्ती कप्तान राहायचे, त्यांची ती. जन्म बोटीवर घालवून ते इथे येऊन राहिले होते, पण हातपाय थकल्यावर मुलीने त्यांना गोव्याला बोलावून घेतलं. जाताना त्यांनी मोटारीचं हँडल आणून बाबांच्या हातात ठेवलं. "ही फकत तुजा आयकता रे. तूच ठेव," एवढं म्हणाले आणि मागे न बघता एसटीत जाऊन बसले. बघितलं असतं तर गेलेच नसते, असं बाबा म्हणत.

बाबा खाडीतल्या लाँचवर इंजिन बघायचे. लांबून नुसत्या आवाजावरून आम्हाला कळायचं की आज बाबांची लाँच आहे की दुसऱ्या कुणाची. मग पूल झाला, एसटी पलीकडे जायला लागली आणि लाँच बंद पडली. मालकाने इंजिन काढून नेलं आणि नुसतं लाकडी धूड काठाच्या चिखलात बांधून ठेवलं. बाबांना भाताच्या गिरणीत काम मिळालं, पोटापाण्याची ददात नव्हती. पण संध्याकाळी ते धक्क्यावर जाऊन त्या रिकाम्या लाँचकडे बघत बसायचे. आई तुळशीपुढे दिवा लावून त्यांची वाट बघायची आणि ते आले की काही न विचारता जेवायला वाढायची. ते वर्ष आमच्या घरात फार शांत गेलं. घरात माणसं असूनही इतकी शांतता असू शकते, हे मला तेव्हा कळलं आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

मडम आली आणि घरात पुन्हा आवाज सुरू झाले. सकाळी पेज निवायला ठेवून बाबा मांगरात जायचे. आधी बॉनेट उघडल्याचा आवाज, मग बाबांचं लाडीगोडीचं पुटपुटणं, मग हँडलची घरघर, मग एक खोकला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या "काहीच नाही"मध्ये आई चुलीपुढून मोठ्याने विचारायची, "उठली काय तुमची राणी?" पुन्हा घरघर. आणि मग एकदम सगळा मांगर हादरवत मडम सुरू व्हायची, कोंबड्या पंख फडफडवत अंगणात यायच्या, निळा धूर माडांतून वर जायचा आणि बाबा तोंडभर काजळी घेऊन बाहेर यायचे. इतका आनंदी माणूस मी त्यानंतर फारसा पाहिला नाही. आमची चंद्री नावाची कोंबडी मागच्या सीटखाली अंडी घालायची. सीट उचलून अंडं आणायचं काम माझं होतं, आणि ते चामड्याचा, पेट्रोलचा नि कोंबडीचा एकत्र वास असलेलं ऊबदार अंडं मी घरात आणलं की आई ते धुऊन घ्यायची.

आईचा राग खोटा नव्हता. गाय पडवीच्या कडेला ताडपत्रीखाली, गवताच्या गंजीला वाळवी, आणि मांगरात ही सवाष्णीसारखी बसलेली. शिवाय तिची औषधं आमच्याच स्वयंपाकघरातून जायची. रेडिएटर गळायला लागला की बाबा पाण्यात हळद टाकत. पेट्रोलची टाकी पाझरली की धुण्याचा साबण मळून लावत. पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा त्या जागी काथ्याची दोरी वळून त्यांनी मडम मालवणपर्यंत नेऊन परत आणली होती, आणि ती गोष्ट ते आल्यागेल्याला सांगत. आई ओल्या काजूची उसळ करायला बसली आणि डबा रिकामा निघाला की तिथूनच ओरडायची, "माजी हळद खंय गेली?" मांगरातून उत्तर यायचं, "मडमेक गळती लागली हा, तिका दिलंय." "मगे आज रात्री तिच्याकडेच जेवा!" आई म्हणायची. पण उसळ वाढताना बाबांच्या ताटात खोबऱ्याचं वाटण जास्तच पडायचं.

गाडी चालवायला मी शिकले ती बाबांच्या सोयीसाठी. ते बॉनेटमध्ये डोकं घालून असायचे तेव्हा आत बसून पेडल दाबायला कुणीतरी हवं असायचं, आणि घरात रिकामी अशी मीच होते. आधी "दाब", "सोड" एवढंच. मग भात कापलेल्या मळ्यात पुढे-मागे. मग एक दिवस बाबा म्हणाले, "रस्त्यार घे." आईने कपाळाला हात लावला. "चेडवाक मोटार शिकवतास? उद्या कोण बघूक इलो तर काय सांगतलास?" बाबा म्हणाले, "सांगूया, मुलगी सुगरण आसा, आणि गियर पण बरो टाकता." आई हसू दाबत आत निघून गेली. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेन, कॉलेजच्या एसटीसाठी रोज फाट्यावर उभी राहणारी, आणि त्या स्टिअरिंगपाठी बसले की मला वाटायचं, आता जगात मला कुणाची वाट बघायला लागणार नाही.

हल्ली जुन्या गाड्यांना फार भाव आला आहे. मागे माझा भाचा मला अशा एका मेळाव्याला घेऊन गेला होता. गाड्या इतक्या चकचकीत की त्यांत तोंड बघून टिकली सरळ करावी. प्रत्येकीपुढे दोरी आणि हात लावू नये अशी पाटी. मालक पांढऱ्या टोप्या घालून उभे. मी एका काळ्या गाडीजवळ वाकून वास घेऊन बघितला, तर पॉलिशचा वास. भाच्याला वाटलं मावशीला चक्कर आली. मी त्याला म्हटलं, अरे, हिच्याखाली कोंबडी कधी बसली नाही, तर हिला जुनी कशी म्हणायची? मला त्या गाड्या आवडल्या, नाही असं नाही. पण एकीचाही हात काळा झालेला मालक दिसला नाही.

आमच्याकडे मेळावा नव्हता, सड्यावरची फेरी होती. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा हा थोरला उघडा सडा; तेव्हा त्यावर ना कलमांची कुंपणं होती ना बंगले. काजू संपत आले की नांगरणीआधी एक दिवस सगळ्या पंचक्रोशीतल्या गाड्या तिथे जमायच्या. मिठबावच्या आंबेवाल्याची बोडकी जीप, मालवणच्या पेद्रूची निळी टॅक्सी, फटफट्या, एकदा तर बर्फाची गाडीसुद्धा. देवळाकडच्या वडापासून निघायचं, चिऱ्यांच्या खाणीला वळसा घालून परत वडाकडे यायचं. पहिला येईल त्याला फणस. त्या एका फणसासाठी माणसं वर्षभर एकमेकांना टोमणे मारायची. नियम फारसे नव्हते, पण एक पक्का होता: सगळ्यांनी इंजिन चालू ठेवून ओळीत उभं राहायचं, देवाला गाऱ्हाणं घालून सगळ्यांचं बरं मागायचं, नारळ फुटला की सुटायचं. गाऱ्हाणं संपेपर्यंत कुणी हलायचं नाही.

मडम दर वर्षी या फेरीला जायची आणि दर वर्षी कुठेतरी मान टाकायची. मग आमचे शेजारी तातू आपले बैल घेऊन जायचे, मडमच्या नाकाला दोर बांधायचे, आणि ती मिरवणूक भर दुपारी सगळ्या वाडीतून घरी यायची. तातूंच्या मनात काही वाईट नसायचं. ते सकाळीच बैलांना खाऊ घालून, बैलगाडीत जादा जू नि दोर टाकून सड्यावर तयारीत येत, एवढंच. बाया खळ्यात येऊन बघायच्या आणि आईला विचारायच्या, "वैनी, औंदा पण बैल लागले मा?" आई त्या दिवशी जेवायची नाही.

त्या वर्षी गोव्याचा एक हॉटेलवाला घरी आला. त्याने मडमभोवती फेऱ्या मारल्या, काळा चष्मा वर करून आत डोकावून बघितलं आणि गाडी विकत मागितली. बाबा "नाय" म्हणाले. आई म्हणाली, "ऱ्हवा." मग तिने आमच्या दोघांकडे वळून आपला निकाल सांगितला. "ह्या खेपेक जर तिका तातूच्या बैलांनी ओढून हाडूची लागली, तर ती माज्या मांगरात येवची नाय. थयसूनच गोव्याक जातली. सांगान ठेवतंय."

"आणि बैल नाय लागले तर?" बाबांनी विचारलं.

"तर ऱ्हवांदे मेली."

आईचा शब्द आमच्या घरात फिरत नसे. हॉटेलवाल्याने हसून मान हलवली आणि फेरीच्या दिवशी सड्यावर येतो म्हणाला. बाबा मग रोज मांगरातच असायचे. आणि फेरी तोंडावर आली असताना निरोप आला की आमचे थोरले काका मुंबईहून येऊ शकत नाहीत. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा; काका नाहीत म्हणजे बाबांनी घालायचं. आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याने फेरीत उतरायचं नाही, कारण देवाकडे मागायचं ते सगळ्यांसाठी. बाबांनी हँडल माझ्या हातात दिलं. मला रडू येईल असं वाटलं, पण हँडल इतकं जड होतं की ते सांभाळण्यातच वेळ गेला.

फेरीच्या दिवशी सड्यावर वारा असा नव्हताच. वडाखाली माणसं दाटीवाटीने उभी. आई त्या वर्षी प्रथमच वर आली होती, घावण्यांची टोपली आणि सोलकढीची कळशी घेऊन, कारण हॉटेलवाला येणार होता आणि पाहुण्याला उपाशी ठेवणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. मडम घाटी चढून व्यवस्थित आली, ओळीत उभी राहिली, आणि बाबा हातात नारळ घेऊन पुढे झाले त्याच क्षणी बंद पडली. मी हँडल मारलं. नुसती घरघर. काय झालंय ते मला माहीत होतं: ऊन लागलं की तिचा पेट्रोलचा पंप तापायचा, आणि ओलं फडकं घालून तो निवेपर्यंत ती काही केल्या उठायची नाही. फडकं होतं. पाणी सगळं बाकीच्यांच्या रेडिएटरांत गेलेलं. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग देवळाकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा सडा म्हणाला.

"आज सालाबादप्रमाणे ही तुजी लेकरां गाडये घेवन तुज्या पायाकडे इलीसत!"

"व्हय म्हाराजा!"

एरवी गाऱ्हाणं लवकर आटपायचं. पण बाबा त्या दिवशी घाईत नव्हते. त्यांनी पंचक्रोशीतले सगळे देव घेतले, मग बारा वाड्यांचे राखणदार घेतले. कुणाच्या टायरात काटा जाऊ नये, कुणाचा ब्रेक निसटू नये असं मागितलं. मुंबईला असलेल्यांचं, बोटीवर असलेल्यांचं, गाभण गाईंचं, मोहोर गळालेल्या कलमांचं बरं कर म्हणून झालं. मी इकडे आईची कळशी उचलून सोलकढी फडक्यावर ओतत होते. आईने ते पाहिलं. तिचे डोळे असे झाले की दुसरा कुठला दिवस असता तर मी सड्यावरून पळाले असते. पण गाऱ्हाणं चालू असताना मधे बोलायची सोय नव्हती. ती माझ्याकडे बोट रोखून, दातओठ खात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

बाकीची इंजिनं तोवर धडधडत उभी होती. बंद कोण करणार? परत सुरू झाली नाहीत तर? पेद्रू ख्रिस्ती, पण "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने त्याचंच असायचं. तो आता एक डोळा बाबांवर आणि एक आपल्या रेडिएटरवर ठेवून होता. "आणि म्हाराजा," बाबा म्हणाले, "ज्या कोणाची गाडी चालू होणा नाय, तिका चालू होवची बुद्धी दी रे म्हाराजा!" तेव्हा पेद्रूच्या डोक्यात प्रकाश पडला. "बस कर रे, माजी उकाळता!" तो ओरडला, आणि लोकांनी सवयीने त्यालाही "व्हय म्हाराजा" म्हणून टाकलं. त्याच्या टॅक्सीतून वाफेचा असा लोट उठला की शेजारची फटफटी दिसेनाशी झाली. मी जीव खाऊन हँडल फिरवलं. मडम खोकली, कोकम-लसणीचा करपलेला वास सोडला, आणि सुरू झाली. बाबांनी त्याच श्वासात गाऱ्हाणं संपवलं नि नारळ फोडला.

ही लबाडी होती का? मी पुढे बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, मी देवाकडे काय खोटं मागितलं ते सांग.

पेद्रूची टॅक्सी जागेवरच राहिली. जीप पुढे निघून गेली आणि फणस तिलाच मिळणार हे उघड होतं, पण मला फणस नकोच होता. मला फक्त परत यायचं होतं. सड्यावर रस्ता नसतो, काळे दगड आणि वाळलेलं गवत. मडम डुलत, कण्हत चालली होती, काचेतून गरम वारा तोंडावर येत होता आणि मी मोठमोठ्याने तिच्याशी बोलत होते, अगदी बाबांसारखं. खाणीचा वळसा तिने घेतला. मी इतकी खूष झाले की हॉर्न वाजवला.

मी पलीकडे असताना वडाखाली जे झालं ते मला मागाहून पेद्रूने सांगितलं. आई हॉटेलवाल्याला घावणे वाढत होती. तो मोठ्या समाधानाने म्हणाला, "वहिनी, तुम्ही गाडीची काळजी करू नका. हॉटेलच्या दारात मस्त लॉनवर ठेवणार. इंजिन काढून टाकू, त्या जागी फुलांच्या कुंड्या. लोक फोटो काढतील."

आईचा हात थांबला. "इंजिन काढून? मगे चलतली कशी?"

"चालायची कशाला? नुसती उभी राहायची."

आईने टोपली खाली ठेवली. इंजिन काढून चिखलात उभी ठेवलेली लाँच तिने पाहिली होती, आणि तिच्याकडे बघत बसणारा नवराही.

आणि नेमकी तेव्हाच, वड समोर दिसत असताना, मडमने मान टाकली. मी खाली उतरले. हँडल मारलं, पुन्हा मारलं, तळहाताला फोड आला. लांब वडाखालून तातू बैलांना घेऊन निघाले. जू खांद्यावर, दोर हातात, नेहमीसारखे सावकाश. मी मडमच्या दारावर डोकं टेकून रडायला लागले, अगदी हमसून. गेली, असं वाटलं. बाबांचं आता काय होईल, एवढंच डोक्यात होतं.

डोकं वर केलं तर तातूंच्या पुढे कुणीतरी धावत येत होतं. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेली आमची आई. सडा तापलेला, पायात काही नाही, आणि ती धावत होती. बैलांनी तिला बघून कान टवकारले. तातू मागून म्हणत होते, "वैनी, ऱ्हवा गे, बैल जोडतंय!"

"तातू, दोराक हात लावशात तर बघा!" आईने मागे न बघता सुनावलं, आणि धापा टाकत माझ्यापाशी आली. "रडतंस काय? आत बस आणि बिरेक सोड."

"आये, तू ढकलतलंस?"

"मगे काय बैल? सोड म्हणतंय मा!"

तिथून वडाकडे सड्याला थोडा उतार आहे. आईने मागून खांदा लावला. मडम आधी ढिम्म हलेना, मग कुरकुरत एक चाक दगडावरून उतरलं, आणि ती निघाली. मी दुसरा गियर टाकला, क्लच सोडला. एक हिसका, एक फटाका, आणि इंजिन धडधडायला लागलं. आता थांबायची सोय नव्हती. थांबलं की ती परत बंद. मी खिडकीतून ओरडले, "आये, ये!" आई बाजूने धावत आली, फळीवर पाय ठेवला, दाराचा खांब पकडला आणि वर चढली. आणि आम्ही तशाच वडाकडे निघालो, मी आत, ती बाहेर उभी, पदर मागे उडतोय, केस सुटलेले.

वडाखाली माणसं आरडाओरडा करत दोन्हीकडे झाली. बाबा मधेच उभे होते, हातात नारळाची कवड. त्यांना हसावं की काय करावं कळत नव्हतं. "अगो, पण ढकलल्यानी तर... तुजी अट?"

"मी बैलांचा बोललंय," आई त्यांच्या अंगावरून जाताना म्हणाली. "मी काय बैल?"

बाबांसाठी थांबता आलं नाही; ते त्या दिवशी तातूंच्या बैलगाडीतून घरी आले. पण तेव्हा वडापुढच्या वाटेच्या मधोमध हॉटेलवाला उभा होता, हात वर करून. मला वाटलं, थांबावं लागणार. माझा पाय आपोआप हलका झाला. तशी आईने खिडकीतून डोकं आत घातलं. तिचं तोंड लालबुंद होतं, कपाळावर घाम, नाकाला कुठूनतरी काजळी लागलेली, आणि तिचे डोळे मी असे कधी पाहिले नव्हते.

"हळू कित्या केलंस?" ती म्हणाली. "हॉर्न मार आणि चलव जोरान. आपणहून सरतलो तो."